येताना तुम्हाला घेतो

अहिल्याकाकू पांढरीपांडे यांनी आठ वर्षांत जवळजवळ अख्खी अमेरिका पाहिली, आणि ती सगळी बाकावर बसून.

ग्रँड कॅन्यनला त्यांना जिथं बसवलं होतं तिथून स्वच्छतागृहाचं दार फार छान दिसायचं. नायगाऱ्याला धबधब्याचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला. कोलोरॅडोच्या एका ट्रेलवर तर पाऊण मैल चालल्यावर त्यांना एक सपाटसा दगड दाखवण्यात आला. मांडीवर चार पर्सेस, दोन जॅकेटं, कोणाच्या तरी बाळाची डायपर बॅग आणि अर्धवट खाल्लेला ग्रॅनोला बार ठेवून मंडळी वर निघून गेली. तासाभराने एक अमेरिकन बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि अदबीने विचारू लागली, "हरवलेल्या वस्तू इथंच मिळतात ना? माझी टोपी हरवलीय."

जाताना मंडळींचं वाक्य ठरलेलं असायचं. "तुम्ही बसा निवांत, येताना तुम्हाला घेतो." आणि घ्यायचेही, त्यात खोट नव्हती. मग गाडीत मागच्या सीटवर फोन पुढे यायचा. "काकू, काय व्ह्यू होता, विचारू नका!" काकू विचारतच नसत. तळहाताएवढ्या काचेवर बोटांनी ताणून मोठा केलेला डोंगर बघायच्या, "छान हो" म्हणायच्या आणि ज्याची त्याची पर्स ज्याला त्याला परत करायच्या.

या सगळ्याचं मूळ उजव्या गुडघ्यात होतं. टेक्सासमधल्या अर्विंगला मुलाकडे आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात पार्किंगमधल्या बर्फावर काकूंचा पाय घसरला होता. आठ आठवड्यांत गुडघ्याची सूज उतरली. पण घरच्यांच्या डोक्यात तो सुजलेलाच राहिला. मुलगा शंतनू डेटाबेसचं काम करतो. एकदा साठवलेली माहिती पुसायची त्याला सवय नाही.

वास्तविक काकू काही बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल, कोण चालक, कोण वाहक, कधी सुटणार, हे सगळं काकू ठरवायच्या आणि भोंग्यावरून सांगायच्या. त्यांचा आवाज ऐकून चहा अर्धा टाकून धावलेले चालक आजही नागपुरात सापडतील. अशा बाईला डायपर बॅगेवर नेमणं म्हणजे फौजदाराला चपला सांभाळायला बसवण्यासारखं होतं. पण काकू बोलल्या नाहीत. पोराचा हिरमोड कशाला, म्हणून आठ वर्षं गप्प बसल्या. दरवर्षी एक याप्रमाणे आठ डोंगर मात्र त्यांनी मनात मोजून ठेवले होते.

नववा डोंगर सप्टेंबरातल्या एका रविवारी, तर्री पोह्यांच्या बशा हातात असताना निघाला.

ऑक्टोबरात लाँग वीकेंड होता. शंतनूचा ऑफिसातला मित्र विक्रम आणि त्याची बायको इला जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. विक्रम पुण्याचा. वीस वर्षांपूर्वी त्याने हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने सर केला होता आणि त्यानंतर त्या गडावरून तो खाली उतरलाच नव्हता. कुठल्याही विषयातून तिसऱ्या वाक्याला तो नळीच्या वाटेला लागायचा. इला मिशिगनमधल्या ट्रॉयला जन्मलेली, वाढलेली. ती फिजिओथेरपिस्ट होती, आणि तिचं मराठी मोडकं असलं तरी निर्भय होतं.

"ठरलं तर मग," विक्रम म्हणाला. "वेस्ट टेक्सास. प्रॉपर वाळवंट. हा पीक बघ, चार मैल वर, चार मैल खाली. नळीच्या वाटेपुढे काहीच नाही म्हणा."

"आणि आई?" काकूंच्या सुनेने, रुचाने, विचारलं.

"काकूंची सोय आधी बघितली मी! खाली पिकनिक टेबल आहे. सावलीत! रिव्ह्यूजमध्ये लिहिलंय."

"वा! आई, टेबल आहे सावलीत," शंतनू स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. सावलीची बातमी ऐकून आई हरखेल अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

काकू तर्रीचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागून घडी घातलेला एक कागद काढला.

"मी पण एक बघून ठेवलाय," त्या म्हणाल्या.

तो एका ट्रेलचा नकाशा होता. सार्वजनिक वाचनालयात जाऊन काकूंनी तो छापून आणला होता. साडेसहा मैलांची वाट पार्किंगमधून निघायची, कोरड्या नाल्यातून, एका जुन्या पवनचक्कीवरून, तांबड्या कड्याच्या पायथ्याने वळसा घेऊन दुसऱ्याच बाजूने पुन्हा पार्किंगात यायची.

"लूप ट्रेल आहे," विक्रम नकाशा फिरवत म्हणाला. "बरा आहे. सोपा आहे तसा. पण काकू, साडेसहा मैल म्हणजे... नाही, होईल ना, का नाही होणार! तुम्हाला आपण या पवनचक्कीपाशी बसवू. तिथं निवांत बसा, आम्ही येताना तुम्हाला..."

त्याचं बोट पवनचक्कीवरून पुढे निघालं. तांबड्या कड्याला वळसा घालून ते पार्किंगपर्यंत गेलं. मग परत मागे आलं आणि दुसऱ्यांदा त्याच वाटेने फिरलं. टेबलाशी सगळे त्या बोटाकडे बघत होते.

"येताना... आपण इथून येतच नाही," विक्रम म्हणाला.

"नाही ना?" काकू म्हणाल्या आणि त्याच्या बशीत आणखी तर्री वाढली.

एवढ्याचसाठी काकूंनी तीन आठवडे वाचनालयात नकाशे चाळले होते. गेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर माणसाला कुठंही बसवून ठेवता येतं. गोल वाटेवर मात्र परत येणाराच नसतो, तर 'येताना' कुठून येणार? गोल वाट सुरू केली की ती पुरीच करावी लागते. प्रश्न इतकाच होता की सहासष्टाव्या वर्षी काकूंना ती पुरी करता येते का. त्या मध्येच अडल्या असत्या तर पुढची सगळी वर्षं बाकावर जाणार होती, आणि तेही घरच्यांचं म्हणणं काकूंनी स्वतःच खरं करून दाखवल्यावर.

"आई, तुझा गुडघा..." शंतनूने सुरुवात केली.

"मावशी, पाय द्या," इला म्हणाली आणि खुर्ची ओढून समोर बसलीच. तिने गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला, काकूंना एका पायावर उभं केलं. मग वळून म्हणाली, "शंतनू, मावशीचा नी तुझ्यापेक्षा यंग आहे. सिरियसली. तुझाच मला वरी वाटतो."

त्या संध्याकाळी काकूंनी वेळापत्रक लिहायला घेतलं. विक्रमने ट्रिपसाठी एक ॲप डाउनलोड केलं होतं. त्यात उंचीचे आलेख होते, पावलं होती, सूर्यास्ताचा कोन होता. काकूंनी वहीचं एक पान घेतलं, पट्टीने रेघा मारल्या आणि लिहिलं: सुटण्याची वेळ ७:४०. कोरडा नाला ८:२५, पाणी. पवनचक्की १०:००, मोठा थांबा, जेवण. तांबडा कडा ११:००. पोहोचण्याची वेळ १२:४०, ऊन तापायच्या आत. मध्ये दोन ठिकाणी 'विनंती थांबा' होता, म्हणजे प्रवाशाने हात केला तरच थांबायचं. तांबड्या कड्यासमोर मात्र नुसतं लिहिलं होतं: 'राखीव, २५ मि.'

"हे काय राखीव?" शंतनूने विचारलं.

"असू दे."

"अगं पण कशासाठी?"

"वेळापत्रक नियंत्रक करतो. चालकाने गाडी चालवायची."

पुढचे पाच आठवडे काकूंनी कोणाला न सांगता तयारी केली. घरापासून इंडियन ग्रोसरीचं दुकान पावणेदोन मैलांवर. काकू रोज सकाळी शंतनूची जुनी सॅक पाठीला लावून जायच्या आणि येताना वजनासाठी दहा पाउंड तूरडाळ घेऊन यायच्या. ही युक्ती उत्तम होती, पण तिची एक बाजू लक्षात घ्यायची राहून गेली होती. तीन आठवड्यांनी रुचाने पँट्री उघडली तर वरच्या फळीवरून एक पिशवी तिच्या अंगावर आली.

"आई! घरात एवढी तूरडाळ कशाला? पूर येणार आहे का?"

"स्वस्त लागली होती," काकूंनी शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या तीच पिशवी घरून घेऊन जाऊ लागल्या आणि घरी परत आणू लागल्या. दुकानदार म्हणाला, "आंटी, काही बिघाड आहे का डाळीत?" काकू म्हणाल्या, "नाही, हिला फिरवून आणली."

ऑक्टोबरात मंडळी निघाली. नऊ तास ड्राइव्ह करून मोटेलात पोहोचली. पहाटे पावणेसहाला काकूंनी दोन्ही खोल्यांची दारं वाजवली.

शंतनू डोळे चोळत बाहेर आला. "आई, पावणेपाच वाजलेत!"

"पावणेसहा."

समोरच्या दारातून विक्रमने फोन दाखवला. "काकू, हे बघा ना, पावणेपाच. यार, फोन चुकेल का?"

काकूंनी मनगट पुढे केलं. निवृत्तीच्या वेळी आगारातल्या लोकांनी दिलेलं ते किल्लीचं घड्याळ अर्विंगहून निघताना लावलेलं होतं, आणि त्याला कोणाशी संपर्क साधायची सोय नव्हती. मोटेलापासून पश्चिमेला थोड्या अंतरावर घड्याळं तासाने मागे असतात. रात्रीत चारही फोनांनी तिकडच्या कुठल्याशा टॉवरशी सूत जुळवलं होतं. चार इंजिनिअर-डॉक्टर माणसं चार फोन घेऊन रिसेप्शनवर गेली. काउंटरमागच्या माणसाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

"कोणाच्याही टॉवरवर जातात हे," काकू फोनांबद्दल म्हणाल्या. "चला. चहा तयार आहे."

पार्कच्या फाटकाशी रेंजर बाई होती. "लीडर कोण?" तिने विचारलं. विक्रम अर्धं पाऊल पुढे झाला. त्याने गुडघ्यापर्यंतचे नवे कोरे बूट, चौदा खिशांची पँट आणि तोंडावर वाळवंटासाठी खास बनवलेलं कापड चढवलं होतं. काकूंनी नागपुरी पद्धतीने ओढणी डोक्यातोंडाला गुंडाळली होती, नुसते डोळे दिसत होते. पुढे होऊन त्यांनी वेळापत्रकाची इंग्रजी प्रत रेंजरच्या हातात दिली.

रेंजरने ती दोनदा वाचली. "म्हणजे साधारण पाऊण-एकपर्यंत परत?"

"बारा चाळीस," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून पाच कांदे काढून एकेकाच्या हातावर ठेवले.

"मावशी, हा आता खायचा?" इलाने विचारलं.

"खिशात ठेवायचा. उन्हाचं असतं ते."

"बट व्हाय?"

"मे महिन्यात नागपूरला ये, मग विचार. विक्रम, तुझ्याकडे चौदा खिसे आहेत, एकात मावेल."

सात चाळीसला काकूंनी टाळ्या वाजवल्या, दोन. एसटीत वाहकाच्या दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली.

पहिले दोन मैल सगळे फोटोंत होते. निवडुंग, निवडुंगासमोर रुचा, निवडुंगासमोर विक्रम. एक सरडा इतका वेळ पोझ देऊन उभा होता की शेवटी तोच कंटाळून गेला. काकू एका लयीत चालत होत्या, घाई नाही, आळस नाही. पाठीवर तूरडाळीऐवजी पाणी होतं, तेवढंच वजन आणि तेच पट्टे. दर वीस मिनिटांनी त्या नुसतं "पाणी" म्हणायच्या आणि चौघं माना वर करून प्यायचे. तिसऱ्या मैलाला गुडघ्यात एकदा खट्ट झालं. काकूंनी कोणाला दिसणार नाही असा हात गुडघ्यावर ठेवला. 'गप बस बापा,' त्याला म्हणाल्या, 'आठ वर्षं तूच बसवलं.' दहाबारा पावलं त्यांनी उजवा पाय जपून टाकला. मग खट्ट पुन्हा झालं नाही.

पवनचक्कीला पोहोचले तेव्हा दहाला पाच कमी होते. पातं एकच उरलेलं, पण सावली पाच जणांपुरती होती. विक्रम धपकन बसला आणि बूट काढला. टाचेवर द्राक्षाएवढा फोड आला होता. नवा बूट डोंगरावरच पहिल्यांदा घालायचा नसतो, हे हरिश्चंद्रगडाने त्याला शिकवलं नव्हतं. तिथं तो चपलांवर गेला होता.

इलाने फोडावर पट्टी लावली. विक्रमने नकाशाकडे बघितलं. "काकू, एक विचार आहे. इथून परत फिरलो तर?"

"फिर की. मागे सव्वातीन मैल आहेत."

"आणि पुढे?"

"सव्वातीन."

विक्रमने थोडा वेळ हिशेब तपासून बघितला. "लूपची ही गोष्ट मला आवडत नाही," तो म्हणाला.

"कांदे काढा," काकू म्हणाल्या. पोळी, ठेचा, आणि खिशातले कांदे गुडघ्यावर ठेवून एका बुक्कीत फोडलेले. इला ठेच्याने लाल झाली, पण दुसरी पोळी मागितली. दहा वीसला काकूंनी दोन टाळ्या वाजवल्या.

अकराला तांबडा कडा आला. तिथं कड्याच्या पोटात सावलीचा एक पट्टा होता आणि त्याच्याशेजारी एक लाकडी पाटी. पाटीवरचा बाण वर दाखवत होता. मुख्य वाट सोडून एक फाटा कड्याच्या माथ्यावर जात होता, तीन दशांश मैल, आणि पुढे तीच एक गोष्ट लिहिली होती जिच्यासाठी लोक फोन काढतात: ओव्हरलुक, म्हणजे वरून सगळं दिसणारी जागा.

कोणी पाटीकडे बघितलंच नाही. शंतनू पोटऱ्या दाबत होता. रुचा डोळे मिटून भिंतीला टेकली होती. विक्रमने पाय लांब केले होते आणि त्याचा विषय नळीची वाट नव्हता, यावरून त्याची अवस्था समजावी.

काकूंनी घड्याळ बघितलं, वर बघितलं. फाट्याची वाट खालपासून वरपर्यंत उघडी दिसत होती, फार उभी नव्हती. त्यांनी पाण्याची एक बाटली हातात घेतली. सॅक उतरवली आणि शंतनूच्या शेजारी ठेवली. मग पर्स खांद्यावरून काढून विक्रमच्या मांडीवर ठेवली.

"बसा तुम्ही निवांत," त्या म्हणाल्या. "येताना घेते तुम्हाला."

 सगळ्यात आधी शंतनूला उमजलं. त्याने आईकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि त्याच्या डोक्यातल्या डेटाबेसात कोलोरॅडोच्या सपाट दगडापासून एकेक नोंद वर येताना काकूंना त्याच्या चेहऱ्यावर दिसली.

"राखीव पंचवीस मिनिटं," तो पुटपुटला. "आई, मी येऊ का?"

"पोटऱ्या सांभाळ. इथून दिसते मी."

"आई..."

"सावलीत आहेस ना? मग झालं."

काकू वर निघाल्या. पहिल्या वळणाला दम लागला तेव्हा थांबल्या, पाणी प्यायल्या. दुसऱ्या वळणाला वाळू पायाखालून सरकली, तेव्हा चारी हातपायांनी चढल्या, कारण तिथं बघायला कोणी नव्हतं. खरं तर होतं. खाली चौघं मान वर करून बघत होते. शेवटची पंचवीस-तीस पावलं काकूंनी मोजली, आणि मग मोजायला वाट उरली नाही.

वर वारा होता. समोर काय होतं हे सांगायला काकूंना नंतर कधी जमलं नाही. त्या एवढंच सांगायच्या की सगळं होतं. दुमडलेल्या चादरीसारखे डोंगर होते, त्यामागे फिकट डोंगर, त्यामागे आणखी फिकट, आणि कोणी बोटांनी ताणायची गरज नव्हती, ते मोठेच होते. खाली काडेपेटीतल्या काडीएवढी पवनचक्की दिसत होती. आणि पायवाटेची पांढरी रेघ पार्किंगातून निघून, नाल्यातून, पवनचक्कीवरून त्यांच्या पायाशी आलेली आणि पुढे परत पार्किंगकडे गेलेली, पूर्ण गोल, काकूंनी स्वतःच्या पायांनी निम्म्याहून अधिक चालून संपवलेला गोल.

काकूंनी तोंडावरची ओढणी सोडली. छाती भरून श्वास घेतला. आणि सहासष्ट वर्षांच्या, आठ वर्षं न वापरलेल्या आवाजात, भोंग्याशिवाय, म्हणाल्या:

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं! अर्विंगहून आलेली, पवनचक्कीमार्गे पार्किंगला जाणारी गाडी, तांबड्या कड्याला लागलेली आहे! गाडी वेळेवर आहे!"

कड्याने ते "वेळेवर आहे" दोनदा परत केलं. खालून टाळ्या, शिट्ट्या आणि इलाचं "गो मावशी!" वर आलं. दूर पवनचक्कीपाशी दोन अमेरिकन ट्रेकर थांबून इकडेतिकडे बघू लागले. त्यांना बहुधा पार्कनेच काही सूचना दिली असं वाटलं असावं.

चोवीस मिनिटांनी काकू खाली आल्या. विक्रम पर्स छातीशी धरून बसला होता.

"काय व्ह्यू होता," काकू म्हणाल्या, "विचारू नका!"

"फोटो दाखवा ना, काकू!"

"फोटो कुठला? फोन पर्समध्ये होता. तुझ्या मांडीवर."

उरलेली वाट लोकांनी चालली कमी आणि काकूंनी चालवली जास्त. रुचा मध्येच म्हणाली, "आई, ती तूरडाळ... आत्ता कळलं मला." शंतनू शेजारून चालत होता. मग म्हणाला, "आई, ग्रँड कॅन्यनला परत जाऊ. मी बसतो."

"कशाला बसतो? दोघंही जाऊ. बॅगा गाडीत ठेवू," काकू म्हणाल्या. "तिथं डिकी म्हणून एक सोय असते."

पार्किंगची पाटी पंधरा पावलांवर आली तेव्हा काकूंनी हात आडवा केला. सगळे थांबले.

"काय झालं? विनंती थांबा?" विक्रम लंगडत मागून आला. काकूंची पर्स त्याच्या खांद्याला होती आणि ती आपण अजून परत केलेली नाही हे तो विसरला होता.

"बारा अडतीस झालेत," काकू म्हणाल्या. "वेळ व्हायची आहे."

फाटकातून रेंजर बाई हातात कागद घेऊन बघत होती. उन्हात, गाडीपासून पंधरा पावलांवर, चार घामेजलेली माणसं निमूट रांगेत उभी राहिली. त्यांच्यापुढे काकू मनगट वर धरून उभ्या होत्या. दोन मिनिटं कोणी हललं नाही.

मग काकूंनी टाळ्या वाजवल्या, दोन.